एका दुपारचे दाणे

आश्रुबाचं घोरणं म्हणजे केजकडच्या त्या अख्ख्या ऊसतोड टोळीचा अभिमान होता बरं का! कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, तो घोरायला लागला की माणसं म्हणायची, गडी ढाण्या हाय, झोप कशी लागती बघा. त्याच्या बायकोला, चंद्रभागाबाईलाही त्या घोरण्याचा लई तोरा. आता ह्याला खुळेपणा नाही तर काय म्हणायचं!

मग आश्रुबाचं हृदय थकलं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, वाढवल्या, मीठ सोडायला लावलं, तरी सूज हटेना. झोप कशी आहे असं त्या दर खेपेला विचारायच्या आणि हा पठ्ठ्या सांगायचा, एकदम झकास.

एका दुपारी तो खाटेवर झोपला होता आणि चंद्रभागाबाई शेजारी ज्वारी निवडत होती. घोरणं एकाएकी थांबलं. छाती हलेना. बाईनं सूप खाली ठेवलं. ती त्याला हलवणार, तेवढ्यात त्यानं गचकन श्वास घेतला आणि परत घोरायला लागला. थोड्या वेळानं पुन्हा तेच! उसाच्या फडात मोळ्या मोजायला ती ओच्यात खडे टाकायची, तीच सवय कामाला आली. श्वास अडकला की एक दाणा वाटीत. तासाभरात वाटीचा तळ झाकला गेला.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ती फडक्यात बांधलेली वाटी मांडीवर घट्ट धरून बसली. दवाखान्यात आश्रुबानं झकास म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं फडकं सोडून वाटी टेबलावर पालथी केली. दाणे कागदांवर घरंगळले.

"बाई, तासाभराच्या झोपंत ह्यो माणूस इतक्या येळा मेलाय."

डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी स्वतः दाणे मोजले. त्रेचाळीस! दिवसा गोळ्या हृदयाला सावरतात, त्या सांगू लागल्या, आणि झोपेत श्वास अडकला की तेच हृदय पुन्हा दमतं. झोपेची तपासणी झाली, दुखणं तेच निघालं, आणि नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं यंत्र घरी आलं.

पहिल्या दुपारी आश्रुबा कुरकुरतच आडवा झाला, मला हत्तीची सोंड लावली म्हणाला. बाई वाटी घेऊन बसली. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, तास गेला. यंत्र सूं सूं करत होतं आणि छाती संथ वरखाली होत होती. तिला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण तो उठेल म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

आश्रुबा जागा झाला. मुखवटा काढून त्यानं आधी वाटीकडेच बघितलं.

"किती?"

"दोन," ती म्हणाली, आणि ते दोन्ही दाणे तिनं तोंडात टाकून कडाकडा चावून खाल्ले.