दोन लाख अकरा हजार चारशे सहा

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर मी मांजरावर ओरडते. या सदरातले अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं मनसोक्त हसायचो. तेव्हा आता तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त पूर्ण वाचून हसा. आणि एक आधीच सांगून ठेवते... यात भूत नाही. एक जुनी पिकअप आहे, आणि एक माणूस आहे ज्याचं नाव माझ्यामुळे सहा वर्षं खराब झालं.

नारायण पेठेत आमचं दुकान आहे. लग्नकार्याची भांडी, खुर्च्या, टेबलं भाड्याने देतो. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली वीस वर्षं मी चालवते. गोडाऊन धायरीला. सामान न्यायला एकच पिकअप होती — डिझेल, अकरा वर्षांची, मीटर तीन लाख चौऱ्याण्णव हजारांवर. यंदा सीएनजीवरची नवी घेतली आणि ही विकायला काढली.

ऑनलाइन जाहिरात टाकली. फोन यायचे, किलोमीटर विचारायचे आणि बंद व्हायचे. एका गृहस्थांनी तर विचारलं, "मॅडम, चंद्रावर डिलिव्हरी द्यायचात का?" मी म्हटलं, "हो, तुमच्यासारख्यांना सोडून यायला." तो ग्राहकही गेला. माझा स्वभाव असाच आहे, त्याबद्दल इथे माफी मागत बसत नाही.

मग जो भेटेल तो तेच सांगू लागला — मीटर मागे घ्या. जुन्या गाड्यांच्या धंद्यात हे उघड गुपित आहे. आमच्या गाड्यांचं वायरिंग बघणारा दिलीप गोडाऊनवर आला, एक डबी जोडली, लॅपटॉपवर दहा मिनिटं खुडबुड केली आणि मीटर एक लाख ऐंशी हजारांवर आणला. पुढच्या माणसाला आपण फसवतोय याचं मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला किल्ली फिरवली तर आकडा होता २११४०६.

मी दिलीपला फोनवर असं काही झापलं की बाजूच्या गोडाऊनमधला वॉचमन बघायला आला. दिलीपने थंडपणे फोटो पाठवला. एक लाख ऐंशी हजार, तारीख-वेळेसकट. "मॅडम, जुना डेटा कुठेतरी राहिला असेल, तो परत आला असेल." मी म्हटलं, जुना डेटा परत आला तर तीन लाख चौऱ्याण्णव हजार यायला हवेत ना? हा मधलाच आकडा कुणाच्या सासरचा?

दुपारी येऊन त्याने माझ्यासमोर परत एक ऐंशी केले. गोडाऊनला मी स्वतः कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये. सकाळी पुन्हा २११४०६. गाडी तसूभर हललेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दिलीपने अख्खा मीटर उचकटून काढला आणि भंगारात गेलेल्या दुसऱ्या पिकअपचा बसवला. त्याच्यावर शहाण्णव हजार काहीतरी होते. मी म्हटलं, आता इथून उठत नाही. किल्ली चालू ठेवून भर दुपारी केबिनमध्ये बसले, चहा तिथेच मागवला. अर्धा तास काही नाही. एका नवऱ्या मुलीच्या आईचा फोन आला — पराती कमी आल्या म्हणून — म्हणून मी मान वळवली आणि तिच्याशी भांडले. मिनिटभर असेल. परत बघितलं तर २११४०६.

दिलीप मागे हौद्यात बसला होता, त्याला हाक मारली. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि म्हणाला, "मॅडम, माझ्याच्याने होणार नाही." परत तो आमच्या गोडाऊनवर आलेला नाही.

आता कुणी शहाणं माणूस इथे थांबलं असतं. मी काय विचार केला सांगू? म्हटलं, दोन लाख अकरा तर दोन लाख अकरा. तीन चौऱ्याण्णवपेक्षा बराच कमी. जाहिरातीत आकडा बदलला आणि संध्याकाळपर्यंत तीन फोन आले.

पहिले आले ते आपटे. खडकवासल्याजवळ मुलाची नर्सरी, कुंड्या-रोपं न्यायला गाडी हवी. स्वतः निवृत्त. चष्मा कपाळावर, हातात छोटा टॉर्च. तासभर त्यांनी गाडी वरून, खालून, आतून पाहिली. टायरबद्दल बोलले, "हे टायर आहेत का आठवण?" गंजाबद्दल बोलले. मी दातओठ खात हो हो म्हणत होते. शेवटी म्हणाले, "कागद दाखवा."

मी दुकानातल्या कपाटातून आणलेली फाईल दिली. ती आमच्या जुन्या ड्रायव्हरने, तायडेंनी लावलेली. विमा, फिटनेस, पीयूसी, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात. तायडे काम सोडून गेले त्याला चार वर्षं झाली, त्यानंतर मी त्यात नवे कागद नुसते कोंबायची. आत काय आहे ते कधी वाचलं नव्हतं. हीच चूक.

आपट्यांनी एकेक पाकीट काढून वाचलं. एका कागदावर थांबले. चष्मा खाली घेतला, उठून केबिनमध्ये वाकून मीटर बघितला, परत कागद बघितला.

"अहो, सहा वर्षं ही गाडी डोक्यावर घेऊन फिरत होतात का?"

"म्हणजे?"

"हा अपघातानंतरचा विमा कंपनीचा सर्व्हे रिपोर्ट. सहा वर्षांपूर्वीचा. वाहनाचे किलोमीटर, दोन लाख अकरा हजार चारशे सहा." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "मीटर मागे घ्यायचा असेल तर निदान फाईल वाचावी. आणि आकडा तरी दुसरा निवडावा. येतो मी."

ते गेले. मी कागद हातात घेऊन तिथेच खुर्च्यांच्या थप्पीवर बसले. आकडा तोच होता, शेवटच्या सहापर्यंत. त्याच्या खालची ओळ — चालकाचे नाव : तायडे.

त्या दिवशी गाडी तायडे चालवत नव्हते. मी चालवत होते.

लग्नाचा हंगाम होता. पहिली खेप उतरवून घ्यायला तायडे मंगल कार्यालयातच थांबले होते. दुसऱ्या खेपेला उशीर होत होता, म्हणून तिथून मी स्वतः गाडी काढली. मला चालवता येत होती, पण लायसन्स संपून सात महिने झाले होते. सिंहगड रोडवर वळताना सायकलवरच्या एका गृहस्थांना डावी बाजू लागली. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गाडी कोण चालवतंय ते त्यांना दिसलंच नव्हतं. मी तायडेंना फोन केला, ते रिक्षाने पोलिसांच्या आधी पोचले. मी म्हटलं, "तुमचं लायसन्स आहे, तुमचं नाव सांगा. दोन महिन्यांत मिटेल." त्यांनी सांगितलं. मिटलं नाही. केस उभी राहिली. पहिल्या दोन तारखांना मी वकील दिला, नंतर माझ्याकडून राहून गेलं... नाही, राहून गेलं नाही. मी टाळलं.

दोन वर्षांनी तायडे दुकानात आले आणि हळूच म्हणाले, "बाई, मले शाळेच्या बसवर काम भेटते. केस हाये म्हणून अडलं. एक डाव कोर्टात खरं सांगा ना." दुकानात गिऱ्हाईक होतं. मी चारचौघांत ओरडले, "गाडी धड चालवता येत नाही आणि वर माझ्या नावाने रडता?" ते किल्ली गल्ल्यावर ठेवून गेले. त्यानंतर पेठेत कुणीही विचारलं की मी सांगायचे, तायडे बेफाम चालवायचा, काढून टाकला. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं.

तुम्हाला वाटेल, आकडा बघून मला उपरती झाली. छे. मला राग आला. म्हटलं, हे तायडेंचंच काम. फाईल त्यांची, गाडी त्यांच्या हाताखालची, कुणाला तरी हाताशी धरून माझी खोड काढतायत. तशीच रिक्षा करून भर दुपारी येरवड्यात त्यांच्या घरी धडकले.

तायडे बाहेरच्या खोलीत जेवत होते. खूप वाळलेले दिसले. मी दारातूनच सुरू झाले, "माझ्या गाडीच्या मीटरला काय केलंत?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कोनता मीटर? चार वर्सं झाली, मी त्या गाडीले पाह्यलं बी नाही."

"खोटं बोलू नका! दोन लाख अकरा हजार चारशे सहा — हा आकडा त्या रिपोर्टशिवाय कुठेच नाही. मला माहीत नव्हता, दिलीपला माहीत नव्हता. मग कुणाला माहीत?"

"मले मीटरचं नका इचारू, बाई," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मले त्यातलं काही मालूम नाही."

तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. हात कणकेचे. तिने मला ओळखलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुमी आल्याच हात तर एक सांगा. हे सहा वर्सं घरात सांगतात का गाडी मी चालवत नव्हतो. मी म्हनते, समदेच असं म्हनतात. लेकीच्या सोयरिकीले आले ते पाव्हने बी केस आयकून परत गेले, तवा मी यायले काय काय बोलली. आता तुमीच सांगा, कोन चालवत व्हतं?"

तायडे ताटाकडे बघत होते. मला म्हणता आलं असतं की तेच. सहा वर्षं म्हणतच होते. पण या वेळी ते खोटं तोंडातून निघेना.

"मी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "मले माफ करा." मी दारात उभी होते. माफी मागायला हवी होती मी, आणि मागत होती ती.

तायडे मला म्हणाले, "सोमवारी तारीख हाये. अकरा वाजता."

सोमवारी मी गेले. सगळं लिहून दिलं. वकील म्हणाले, आता केस तुमच्यावर येईल, विम्याची वेगळी. येऊ दे. पेठेत ज्यांना ज्यांना तायडेंबद्दल सांगितलं होतं त्यांच्याकडे एकेक करून जातेय, आणि माझी वाक्यं ऐकून लोकांचे चेहरे काय होतात ते बघतेय. कोर्टाच्या व्हरांड्यात तायडे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलावं असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

गाडी विकली नाही, कोर्टाला लागेल म्हणून ठेवलीय. वाचकांत कुणी इंजिनिअर असतील, ते म्हणतील सॉफ्टवेअर. मीटर दुसऱ्या गाडीचा होता, कागद कपाटात होता, आकडा कुणाला पाठ नव्हता. याचं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही, आणि मिळालं तरी तायडेंची सहा वर्षं काही त्यातून परत येणार नाहीत.