कुंडली नव्हे, फ्रिक्वेन्सी

आमच्या घरात कुंडली नाही, याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन पंचांग चुलीत घातलं, ही गोष्ट मी सौसरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवताना वर्षातून एकदा तरी घुसडतोच. म्हणून पांढुर्ण्याच्या पाहुण्यांनी चहाआधीच माझ्या मुलीची जन्मवेळ विचारली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

स्थळ लोधीखेड्याच्या साडूनं आणलं होतं. मुलगा नागपूरला नोकरीला. दिवाळीपासून दोघं फोनवर बोलत होती आणि माझी लेक गच्चीवर एकटीच हसत फिरायची. हे जुळावं असं मलाही मनापासून वाटत होतं. तरी राहवलं नाही.

"आपण बौद्ध माणसं न जी," मी म्हणालो. "कुंडली पाहून राहिले का तुमी?"

"छे! कुंडली कोन मानते?" मुलाचे वडील दुखावले. "हे हर्मेटिक हाय. मिसर देशातलं, इजिप्तचं जुनं ज्ञान. एकदम सायंटिफिक. मी फक्त फ्रिक्वेन्सी काढून राहिलो."

निवृत्तीनंतर लोक अंगणात भाजी लावतात. यांनी मोबाइलवर तत्त्वज्ञान लावलं होतं. सगळं विश्व एकाच मनात आहे, जसं वर तसं खाली, प्रत्येक वस्तू कंप पावते, हे त्यांनी एका दमात सांगितलं. तेव्हा जन्माच्या वेळी वर ग्रह कुठे होते ते कळलं, की खाली मुलीची कंपनं निघतात. आजोबांनी दारातून हाकललेलं पंचांग सूट घालून खिडकीतून आत आलं होतं, आणि आम्ही त्याला पोहे वाढत होतो.

वेळ मला ठाऊक नव्हती. बायको आतून म्हणाली, "सकाळची हाय जी. नळ आले होते तवा." आमच्या गल्लीत नळ कधी येतात हे त्या विश्वमनालाही सांगता यायचं नाही. पाहुण्यांनी मात्र सकाळचे सहा धरले आणि आकडेमोड सुरू केली.

मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सर, तुमची केमिस्ट्री याच खानदानातली हाय." आणि पंचाईत अशी की ते बरंचसं खरं होतं. सोनं करायला बसलेल्या त्या हर्मेटिक किमयागारांनीच अर्क काढायची भांडी सुधारली, आम्लं हाताळली. गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडणारा थोर माणूससुद्धा भट्टी फुंकत बसायचा. मीही मग चेव येऊन सांगितलं, की त्यांनी निदान भट्टी पेटवून पाहिली. सोनं झालं नाही ते काहींनी कबूल केलं, आणि तिथून विज्ञान वेगळं झालं. तुमच्याकडे भट्टी कुठे आहे? तुमच्याकडे डेटा पॅक आहे. साडू माझा सदरा ओढत होता, पण मी वर्गात असल्यासारखाच सुटलो होतो. मुलगी दारात ट्रे घेऊन उभी आहे, हे मला दिसलंच नाही.

निकाल लागला. मुलीचा शुक्र कमजोर. त्यावर उपायही होता: शुक्राचा धातू तांबं. पाहुण्यांनी खिशातून तांब्याची अंगठी काढून ट्रेमध्ये ठेवली. "सहा महिने घालू द्या. मग फ्रिक्वेन्सी पुन्हा पाहू."

माझ्या लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं वडिलांशेजारी बसलेल्या मुलाला विचारलं, "तुमचं काय म्हननं हाय?"

मुलगा वडिलांच्या मोबाइलकडे पाहत राहिला. मग त्यानं हळूच हात पुढे केला. बोटात लोखंडी अंगठी होती. "मी बी घालतो न," तो म्हणाला. "बाबा म्हनतात तर घालून घे. काय फरक पडते?"

तिनं सगळ्यांना चहा दिला. कप गोळा करताना तांब्याची अंगठी एका बशीत ठेवून पाहुण्यांपुढे सरकवली आणि म्हणाली, "हे राहू द्या जी. माझ्याच्यानं नाही होनार."

पाहुणे गेले. साडू चिडून मोटरसायकलला किक मारत राहिला. मी मात्र हवेत होतो. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि आजोबांच्या फोटोंकडे पाहून मी म्हणालो, "शाब्बास! आजोबांचं नाव राखलं पोरीनं."

ती जमिनीवर बसून सांडलेले पोहे वेचत होती.

"तुमी खुश नोका होऊ, बाबा," ती म्हणाली. "मले तो लय पसंत होता."