म्होरक्याचा डावा सुळा

कवळीमास्तरांना मनसोक्त रागवायचं असलं की ते आधी चष्मा काढून ठेवायचे. समोरचा माणूस धूसर झाला की त्याची भीड वाटत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी चष्मा काढला खरा, पण समोर रागवायला कोणी नव्हतंच. सून होती, तिच्या हातात मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये सिनेमा बघून आलेल्या लोकांची मतं होती.

“वाच,” मास्तर म्हणाले.

“राहू द्या ना, बाबा. लोकांना काय उद्योग असतो?”

“वाच म्हणतोय ना!”

सुनेने घसा साफ केला. “‘भुतं कमी, भंकस जास्त. गुंड घाबरवत नाहीत आणि भुतं चावत नाहीत.’”

“ते सोड. पुढचं.”

“‘मध्यंतरानंतर छान झोप लागली होती. म्होरक्याचे दात पडले आणि हॉल हसायला लागला, तेव्हा जाग आली.’”

“पुढचं.”

“‘असले दात आमचे आजोबा ग्लासात ठेवतात.’” सून थबकली. पुढचं मत तिने गिळायचा प्रयत्न केला, पण मास्तरांचे कान डोळ्यांपेक्षा तिखट. तेव्हा तिने एका दमात सांगून टाकलं, “‘शेवटच्या पाटीवर दात बनवणाऱ्याचं नाव आहे. कोणाकडे पत्ता असेल तर द्या, सासूबाईंना पाठवायचंय.’”

आणि मेली हसली. तोंडावर हात ठेवून का होईना, पण हसली. मास्तर तरातरा मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार असं आपटलं, की फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे एकदम कटाकट वाजले.

ही मागची खोली म्हणजे मास्तरांचं साम्राज्य. खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, घासायची मोटर, आणि भिंतभर लोकांचे जबडे. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. माप दंतवैद्यीणबाई घ्यायच्या, कवळी मास्तर बनवायचे. अडतीस वर्षं हेच काम. त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं मास्तरांच्या हातच्या दातांनी जेवायची आणि त्याच दातांआडून मास्तरांना नावं ठेवायची. मास्तरांच्या स्वतःच्या तोंडात मात्र सगळे दात अस्सल. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “दुकानातला माल घरी वापरत नसतो मी.”

अशा माणसाकडे सहा महिन्यांपूर्वी सिनेमावाल्यांचा मॅनेजर आला. सिनेमा गुंडांच्या टोळीचा, आणि टोळी सगळी व्हॅम्पायरची. दुकानदारांकडून हप्ता घ्यायचा तो पैशात नाही, बाटलीत, लाल! पाच गुंड, पाच तोंडं. टाळूला चिकटणाऱ्या पाच पातळ पट्ट्या हव्यात आणि प्रत्येकीला दोन सुळे. बाईंनी पाचही गुंडांची मापं घेतली आणि आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ते ऐकवलं. मास्तरांनी एकच अट घातली. पाटीवर नाव पाहिजे. मॅनेजर हो म्हणाला. नाव आलं. आणि आता सगळं जग त्या नावाकडे बघून दात काढत होतं.

जगाचं एक वेळ सोडा. रविवारी बाईंचा फोन आला होता.

“मास्तर, माझे पेशंट विचारायला लागलेत, आमची कवळी सिनेमातल्यासारखी चहात पडणार नाही ना म्हणून!” बाई आधी खळखळून हसल्या, मग आवाज मऊ केला. बाईंनी आवाज मऊ केला की समजावं, आता इंजेक्शन टोचणार. “मी काय म्हणते, पुढच्या महिन्यापासून सगळंच काम मशीनवर कवळ्या करणाऱ्यांकडे द्यावं. तुम्हीही किती दिवस डोळे फोडणार?”

म्हणजे अडतीस वर्षांचं काम एका फोनवर संपत होतं. राग येणारच. पण रागाच्या तळाशी एक गोष्ट होती, ती मास्तरांनी कोणाला सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांचा उजवा अंगठा थरथरायचा. फार नाही, मेण कापताना जरासा. दात खरंच आपल्या हाताने पडले असतील तर? मग बाईंचं काय चुकलं?

दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली. “चल. सिनेमा बघायचाय.”

“तुम्ही? भुताचा?”

“भुतं गेली खड्ड्यात. मला दात बघायचेत.”

हॉलमध्ये तीसेक माणसं असतील. मास्तर पुढून तिसऱ्या रांगेत, मान वर करून, डोळे ताणून बसले. कोण कोणाला मारतंय, कोण कोणाचं रक्त पितंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कोणी तोंड उघडलं की ते पुढे वाकायचे, मिटलं की मागे टेकायचे.

मग तो प्रसंग आला. म्होरक्या लाँड्रीवाल्याच्या टेबलावर चढतो, त्याची कॉलर धरतो आणि सुळे दाखवत गुरगुरतो, “आठवड्याला एक बाटली. नाहीतर तुझ्या सगळ्या खानदानाला पिळून वाळत घालीन!” आणि ‘घालीन’ म्हणता म्हणता सुळे सुटतात आणि थेट लाँड्रीवाल्याच्या चहात. टपक!

हॉल फुटला. सूनसुद्धा पदरात तोंड खुपसून गदगदत होती. मास्तर ताडकन उभे राहिले.

“थांबवा! मागे घ्या ते! परत दाखवा!”

“अहो आजोबा,” मागून कोणीतरी ओरडलं, “बसा खाली, नाहीतर तुमचेही पडतील!”

“माझे स्वतःचे आहेत!” मास्तर गरजले. या वाक्याला म्होरक्यापेक्षा मोठा हशा मिळाला.

पण मास्तरांना हवं ते दिसलं होतं. म्होरक्याचा डावा सुळा किंचित बाहेर वळलेला होता. मास्तरांनी असा वळलेला सुळा एकच बनवला होता, टोळीच्या ड्रायव्हरसाठी. सुळ्याखाली येणारा ड्रायव्हरचा खरा दातच वाकडा होता, त्यामुळे त्याच्यावर सुळा तसाच बसवावा लागला. ड्रायव्हरचा जबडा परातीसारखा रुंद, म्होरक्याचा चिंचोळा. ही पट्टी म्होरक्याच्या तोंडात राहीलच कशी?

घरी यायचीही वाट न बघता त्यांनी हॉलच्या पायऱ्यांवरूनच मॅनेजरला फोन लावला.

“म्होरक्याच्या तोंडात ड्रायव्हरचे दात कोणी घातले?”

“तुम्हाला कळलं?” मॅनेजर चकित झाला. “काय डोळे आहेत, मास्तर! अहो, मग काय करणार? दात चहात पडायला हवे होते, आणि तुम्ही त्याच्यासाठी केलेले पडेनातच! सहा वेळा शॉट घेतला. त्याने मान झटकली, खोकून बघितलं, शिंकून बघितलं. शेवटी दोघांनी धरून ओढले, तर तोच बोंबलायला लागला. ड्रायव्हरचे घातले आणि पहिल्या फटक्यात चहात! लोकांना तेवढंच आवडलंय बघा सिनेमात.”

दुसरा कोणी असता तर हे ऐकून हरखला असता. सून हरखलीच. “बघा बाबा, म्हणजे तुमचं काम पक्कं होतं!” पण मास्तरांनी चष्मा काढला. फोनवर समोर कोणी दिसत नाही, तरी काढला.

“अडतीस वर्षं मी एकच काम केलं. माणसाच्या तोंडातून दात चारचौघांत पडू नयेत. बस. आणि तुम्ही ते मुद्दाम पाडलेत?”

“अहो, विनोद आहे तो.”

“विनोद तुमचा आणि नाव माझं? तुमचं नाव घालायचं होतं तिथे! माझ्या दातांनी जेवणारी माणसं आता हाताची ओंजळ हनुवटीखाली धरून चहा पितात. त्यांना जाऊन सांगा विनोद!”

फोन ठेवून त्यांनी तिथेच पायरीवर बैठक मारली. “लिही,” ते सुनेला म्हणाले. “सगळे मत देतात ना? मलाही आहे.”

सुनेने लिहिलं. ‘दात मी केले. म्होरक्याच्या तोंडात ड्रायव्हरचे दात आहेत. डावा सुळा बघा. ज्याचे त्याच्या तोंडात होते तेव्हा सहा वेळा झटकूनही पडले नाहीत, मॅनेजरला विचारा. बाकी सिनेमा कसा आहे ते माहीत नाही, मी दात बघत होतो.’

“पाचपैकी तारे किती देऊ?”

“दातांना पाच. माणसांना शून्य.”

“असं वेगवेगळं देता येत नाही, बाबा.”

“मग ती सोयसुद्धा बिनडोक माणसानेच केलेली आहे.”

दोन दिवसांत त्या मताखाली ही झुंबड उडाली. काहीजण डावा सुळा बघायला पुन्हा तिकीट काढून गेले. एकाने लिहिलं, ‘या सिनेमात खरी भीती वाटली ती या आजोबांची.’ मास्तर त्यावरही चिडले. त्यांना भीती घालायची नव्हती, त्यांना खरं सांगायचं होतं.

शुक्रवारी बाईंचा कंपाउंडर एक डबा घेऊन आला. आत प्लॅस्टरचा जबडा आणि चिठ्ठी. ‘मास्तर, तुमचं मत वाचलं. हे तोंड अवघड आहे. मशीनवाल्यांनी दोनदा बनवलं, दोनदा पडलं. तुम्हीच करा.’

सुनेचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी जबडा खिडकीशी नेला, उजेडात फिरवला, टाळूवरून अंगठा फिरवला. अंगठा थरथरत होता, तरी माप घेताना हवा राहून उठलेला मधला बुडबुडा त्याला बरोबर लागला. डावीकडची कडही मापात अर्धवटच उमटली होती. त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि मागे वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, ‘मशीनचा दोष नाही. माप चुकलंय. पुन्हा घ्या.’

“बाबा! आत्ता कुठे काम परत आलंय आणि तुम्ही त्यांचीच चूक काढता? त्या चिडल्या तर?”

“चिडू देत. उद्या हे पडलं की नाव कोणाचं?”

बाई चिडल्याच. शनिवारी दुपारी स्वतः जिना चढून आल्या, लालबुंद, हातात तोच डबा. “कंपाउंडरने तुमची चिठ्ठी मोठ्याने वाचली, मास्तर! पेशंट बसले होते सगळे. हसले मला!”

“हसले ना?” मास्तर म्हणाले. “मग आता कळलं असेल, कसं वाटतं ते.”

बाईंनी डबा टेबलावर आपटला. आत नव्या मापाचा जबडा होता.

मास्तरांनी चष्मा लावला, जबडा उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. बाई उभ्याच होत्या.

“बसा,” मास्तर म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला लागले. “नाव काय या तोंडाचं?”