शारदाक्कांची टिकटिकणारी डिस्क

डायोड काढला, हार्ड डिस्क फिरायला लागली. पण कॉम्प्युटरवर काही दिसेना, आणि आतून टिकटिक सुरू झाली. येलहंक्यातल्या माझ्या डायनिंग टेबलाशी, हातात सोल्डरिंग आयर्न धरून मी नुसती बघत राहिले. समोर शारदाक्का बसलेल्या.

शारदाक्कांचं चिकपेटमध्ये कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथली, कानडी मुलखातलीच. ब्लाउजवरच्या सगळ्या नक्ष्या त्यांनी स्वतः काढलेल्या, आणि त्या फक्त याच डिस्कवर. मूळ कागद स्कॅन झाल्यावर रद्दीत गेले. डिस्क गेली तर आयुष्यभराचं काम गेलं.

मी डेटा रिकव्हरी घरूनच करते. केस मला डाव्या हातचा मळ वाटली होती. त्यांच्या पुतण्याने, डिस्क ज्यात उघडीच खोचतात त्या डॉकला लॅपटॉपचा अडॅप्टर लावला, व्होल्टेज जास्त गेलं. अशा वेळी बोर्डावरचा एक बारका डायोड स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. तो काढला की डिस्क बहुतेक वेळा चालते. हिला काय झालं होतं कोण जाणे.

टिकटिक म्हणजे हेडला, डेटा वाचणाऱ्या भागाला, काही सापडत नाहीये. हेडच गेलं असेल तर घरी इलाज नाही. पण डायोड तर वेळेवर जळला होता, मग हेड कसं जाईल? काढताना मीच काही भाजलं की काय? शेजारचे सांधे पुन्हा तापवले. टिकटिक तशीच.

पाणी वगैरे सांडलं होतं का, विचारलं. नाही म्हणाल्या. चहा? तोही नाही. शेवटी स्क्रू काढून अख्खा बोर्डच उचलला. खालच्या बाजूला, जिथे बोर्ड हेडच्या पिनांना टेकतो, तिथे लालसर थर होता. तांब्याच्या पिनांवरचा गंज असा लाल नसतो, हिरवट-काळपट असतो.

"अक्का, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "गंध दिसतंय की. दसऱ्यात आयुधपूजेला लावलं होतं. तुझ्याकडं आणायची म्हणून वरून पुसून आणली मी."

"पूजेनंतर डिस्क चालली?"

"कुठं चालली? म्हणून तर पुतण्यानं दुसरा अडॅप्टर लावला."

मी कपाळाला हात लावला. आधी ओलं गंध आत झिरपलं, मग डायोड जळला. मी दुसरा रोग बरा करून पहिल्याला शोधत होते.

खोडरबर आणि अल्कोहोलने पिनांच्या जागा घासल्या, बोर्ड बसवला. टिकटिक थांबली. स्क्रीनवर फोल्डर उमटले, तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. शारदाक्का मात्र शांत. कॉपी पूर्ण होईपर्यंत एकेक नक्षी उघडायला लावून तपासत बसल्या. मग विचारलं, "पुढच्या वर्षी गंध लावायचं नाही?"

"लावा. पण स्वल्पच, आणि कॉम्प्युटरच्या बाहेरच्या डब्याला."

"सरी, ठीक आहे," म्हणाल्या.

तेव्हापासून बंद पडलेली वस्तू हातात आली की नुसता शेवटचा अपघात विचारून माझं भागत नाही. शेवटचा सणही विचारते.