झाकलेल्या आरशाचा ठिपका

त्या दिवशी शेडमध्ये आम्ही तिघंच होतो – मी, माझी लेक शोभा, आणि ह्यांच्याबरोबर काम करणारे गुरमेलजी. हे नव्हते. ह्यांचीच वाट बघत होतो.

भूतबीत मी कधी मानलं नाही. चौथी शिकलेली बाई मी, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं धरायची. म्हणून तर हे सांगणं जड जातंय...

चंडीगडला इंडस्ट्रियल एरियातल्या त्या शेडमध्ये ह्यांचं काम. तारे बघायची मोठी दुर्बीण बनवत होते. एवढा मोठा एकच आरसा करणं जमेना, म्हणून सात लहान आरसे एका लोखंडी सांगाड्यावर बसवलेले. समोर बारीक दिवा लावला की कागदावर सात ठिपके पडायचे. मग आरशांमागचे स्क्रू पिळत पिळत सगळे ठिपके एकावर एक आणायचे. कुठला कुणाचा ते कळायला एकेका आरशावर फडकं टाकायचे. झाकल्यावर जो विझेल तो त्याचा. सातवा आरसा ह्यांनी स्वतः घासलेला, तो सारखा सरकायचा. गुरमेलजी ह्यांना चिडवायचे, "तेरा मराठा शीशा है यार, किसी की सुनता ही नहीं!"

पंजाबात तेव्हा अतिरेकी बस अडवून माणसं उतरवून मारत होते. हे नवे स्क्रू आणायला लुधियान्याला गेले, ते आलेच नाहीत. फोन शेडमध्ये, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मायलेकी तिथं जाऊन बसलो.

"आई, पप्पा कब आएंगे?" शोभा सारखी विचारायची.

बसवेना म्हणून गुरमेलजींनी दिवा लावला. सहा ठिपके एकात, सातवा बाजूला. स्क्रू पिळले, हलेना. मग त्यांनी ह्यांच्या आरशावर फडकं टाकलं – ठिपका तसाच! वरून माझी शाल टाकली... तसाच. शेवटी बाकीचे सहाही झाकले. ते विझले. हा एकटा कागदावर राहिला.

"भाभीजी, ये तो हो ही नहीं सकता," म्हणत त्यांनी आरशावरचं फडकं पुन्हा चाचपलं.

आमच्या डोळ्यांदेखत तो बारीक होत होत विझून गेला. आणि फोन वाजला. ह्यांची बस सापडली होती. मेलेल्यांत हे नव्हते. वाचलेल्यांतही नव्हते.

लेक वाढवली, लग्न लावलं. कुंकू लावायचं की पुसायचं, ते मात्र आजवर कळलं नाही. त्या ठिपक्याचंही कारण कोणाला सांगता आलं नाही.

त्या बसमधलं कोणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगा – माझ्या माणसाला कुठं नेलं? ते गेले म्हणालात तरी चालेल.