परत परत येणारं पद

आईने ऑर्गनवर साथ केलेल्या एका जुन्या संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग कुणीतरी इंटरनेटवर टाकलंय. ऑर्गन रंगमंचाच्या पुढे, खाली असायचा, त्यामुळे ती दिसत नाही. फक्त ऐकू येते. काल प्रेक्षकांचे अभिप्राय मी तिला वाचून दाखवत होते. कुणाला पडदे जुनाट वाटले, कुणाला नायिका थोराड. एकाची तक्रार होती, 'रेकॉर्डिंग बिघडलंय. तेच पद परत परत येतं. कापून टाका.'

"बिघडलेलं नाही," आई शांतपणे म्हणाली. "लोक पुढे जाऊ देत नव्हते."

मी पुन्हा ऐकलं. खरंच, दर वन्स मोअरला तान निराळ्याच वाटेने जाते आणि ऑर्गन तिची पाठ सोडत नाही. अभिमानाने माझी मान ताठ झाली. आता आपण लाइकचा अंगठा दाबून मोकळे होतो. तेव्हा आवडलं म्हणजे लोक नाटकच अडवून धरायचे, मग शेवटची एसटी चुकली तरी चालेल. त्यांचा अभिप्राय खाली लिहिलेला नाही, रेकॉर्डिंगच्या आतच आहे.

पद संपत आलं. नाट्यगृहातून अजून कुणी ओरडलंही नव्हतं, आणि आईची बोटं सोफ्याच्या हातावर पहिल्या सुरापाशी जाऊन बसली होती.