कंट्रोल माझ्याकडे होतं

चंद्रपुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघी बसत. मी डावीकडे, म्हणून कंट्रोलचं बटण माझं. मधली माजरी गावची, खाण कामगाराची मुलगी. सगळी अक्षरं तिची. उजवीकडची चंद्रपुरातलीच, एंटर आणि बाण तिचे. हे कोणी ठरवलं नव्हतं. जिचा हात जिथे पोचला ते तिचं.

टर्मिनलमधला साधा एडिटर आम्ही असाच शिकलो. काळा पडदा, तिथे माऊस काही कामाचा नाही. कंट्रोल धरून के दाबलं की ओळ कापली जाते, यू दाबलं की परत येते, ओ दाबून एंटर मारलं की फाईल सेव्ह. मी धरायचं, मधलीनं दाबायचं, तिसरीनं एंटर हाणायचं. हात इतका बसला होता की मॅडम बाकीच्यांना आमच्याकडे बघायला पाठवत. मला जरा उशीर झाला की मधली म्हणायची, "ओ कंट्रोलबाई, झोपली का? धर ना."

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मात्र एकेकीनंच बसायचं होतं. त्यात नापास म्हणजे पदवी अडली. अहेरीजवळच्या आमच्या गावात बाबा तलावात मासे धरतात, आई धानाच्या बांधीत राबते. दोघांनी मला कधी "आता पुरे" म्हटलं नाही. घरातली पहिली पदवी माझ्या हातात यायची होती, आणि ती या काळ्या पडद्यापाशी येऊन थांबली होती.

फाईल उघडली. एका छोट्या प्रोग्रॅमच्या ओळी खालीवर झालेल्या, त्या जागेवर लावायच्या. मी कंट्रोल धरलं. धरूनच बसले. पडद्यावर काही हलेना.

परीक्षक मागे येऊन उभे राहिले. "काय झालं? हँग झाला का?"

"नाही सर, चालू आहे."

"काय चालू आहे?"

तेव्हा कुठे कळलं, मी के दाबलं जाण्याची वाट बघत होते. उजवा हात पाहुण्यासारखा मांडीवर बसला होता. तो उचलला, के दाबलं. ओळ गेली. मी एकटीनं घालवली! आनंदाच्या भरात बोट काढायचंच राहिलं आणि बघता बघता पडदा रिकामा झाला. घाईनं कंट्रोल धरून यू दाबलं. सगळ्या ओळी एकदम परत. मला हसूच फुटलं.

"हसायला काय झालं?"

"सर, आल्या."

"कोण आल्या?"

"ओळी."

ते पुढे गेले. मी एकेक ओळ कापून जागेवर लावली. शेवटी कंट्रोल आणि ओ. एडिटरनं खाली फाईलचं नाव विचारलं, आणि मी पुन्हा शहाण्यासारखी वाट बघत बसले. एंटर वीतभर अंतरावर होता. लक्षात आल्यावर इतक्या जोरात मारला की शेजारचा मुलगा दचकला.

परीक्षकांनी फाईल तपासली. "बरोबर आहे. पास. पण एंटरनं तुझं काय बिघडवलं होतं?"

बाहेर दोघी उभ्याच होत्या. माजरीची म्हणाली, "कंट्रोल धराले तू नाई, माझ्या फायलीत नुसतं के के के. एकेक पुसत बसली मी." तिसरीनं एंटर मारून मारून पानभर मोकळी जागा करून ठेवली होती. तरी दोघीही सुटल्या होत्या. आम्ही इतक्या हसलो की शिपाईभाऊ म्हणाले, "बाई हो, आतमधी परीक्षा सुरू आहे."

मी गेटबाहेर जाऊन बाबांना फोन लावला. ते तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर होते.

"बाबा, मी पास झाली."

आमच्या तिघींच्या बटणांची गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांनी विचारलं, "एकलीनंच केलं का?"

"हो. दोन्ही हातानं."

बाबांनी फोन कानापासून बाजूला घेतला असावा. ते पाळीवरच्या लोकांना ओरडून सांगत होते, "पोरगी पास झाली. दोन्ही हातानं केलं म्हन्ते."